पाय गेलेत त्याचे

२०१८च्या जानेवारीतला एक शनिवार. मुलाचे केस कापायला घेऊन गेलो होतो. सॅन होजेत आमच्या घराजवळ एका म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान होतं. खुर्च्या तीन, पण कापणारा तो एकटाच. उरलेल्या दोन खुर्च्यांवर गिऱ्हाइकं नंबर लागायच्या आधीच जाऊन बसत, कारण तिथून गप्पांत तोंड घालणं सोपं पडे. निळ्या औषधात बुडवलेले कंगवे, पावडरचा वास, भिंतीवर सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल संघाचं, जायंट्सचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारी त्यांच्या पाडून टाकलेल्या जुन्या मैदानाचा, कँडलस्टिक पार्कचा उन्हाने पिवळा पडलेला फोटो. रेडिओवर खेळांच्या बडबडीचं स्टेशन लागलेलं होतं आणि दुकानातली बडबड त्याच्या वरच्या पट्टीत चालू होती. विषय एकच. पिट्सबर्ग पायरेट्सचा आउटफिल्डर (मैदानाच्या लांबच्या भागात चेंडू अडवणारा) अँड्र्यू मकचन जायंट्सने आणावा की नाही?

"आणावा, पण बदल्यात काय देणार?" पोस्टमन म्हणाला. तो गणवेशातच होता, बहुधा जेवणाची सुट्टी असावी. त्याच्या पलीकडे विशी-बाविशीचा एक मुलगा फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वर न करता निकाल दिला, "काही द्यायचं नाही. पाय गेलेत त्याचे." पोस्टमनने नकळत स्वतःच्या पायांकडे पाहिलं. पन्नाशी कधीच ओलांडलेला, रोज खांद्यावर थैली टाकून गल्ल्या तुडवणारा माणूस तो. न्हावी हसला, कात्री हवेतच थांबली. मी विचारलं, "वय काय त्याचं?" मुलगा म्हणाला, "एकतीस." डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसाबद्दल आपण ज्या सुरात बोलतो, तो सूर होता.

मुलाचं आटपल्यावर मी खुर्चीत बसलो. मांडीवरच्या कापडावर पडणारे केस निम्म्याहून जास्त पांढरे होते. आमच्या कंपनीत त्याच आठवड्यात नव्या भरतीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी एका उमेदवाराबद्दल 'जरा सीनियर वाटतो' असं म्हटलं होतं आणि सगळ्यांनी समजल्यासारखी मान हलवली होती. मीही हलवली असेल. पण ते वाक्य तिथेच विरून गेलं. हे 'पाय गेलेत त्याचे' मात्र पुढे कितीतरी दिवस डोक्यात बसून राहिलं.

तो हिवाळा जायंट्सच्या चाहत्यांसाठी वाईटच होता. २०१७च्या मोसमात ६४ विजय आणि ९८ पराभव. २०१०, २०१२ आणि २०१४ अशी एकाआड एक तीन अजिंक्यपदं मिळवलेल्या संघाने तळ गाठला होता. वर्षभरात सगळ्या संघाने मिळून १२८ होमर (मैदानाबाहेर टोलवलेले फटके) मारले, सर्व तीस संघांत सर्वांत कमी. मग डिसेंबरात आशा दाखवून झाल्या. मायामीशी त्यांच्या जिआनकार्लो स्टँटनबद्दल बोलणी पार पडली, पण त्याने करारातला नकाराधिकार वापरून सॅन फ्रान्सिस्कोला यायला नकार दिला. जपानहून निघालेला शोहेई ओहतानी भेटून गेला आणि एंजल्सकडे जाऊन बसला. मग टँपा बेचा बत्तीस वर्षांचा एव्हन लाँगोरिया आला. थोडक्यात, हवी ती स्थळं हातची गेली होती आणि आता दुसऱ्या यादीवरून नजर फिरत होती. त्या यादीत मकचन पहिला. २०१३चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्कृष्ट खेळाडू, त्या वर्षी फलंदाजीची सरासरी .३१७ (.३०० म्हणजे उत्तमच). नंतर २०१६मध्ये .२५६पर्यंत घसरगुंडी, आणि २०१७मध्ये पुन्हा सावरून २८ होमर. चढ, उतार, पुन्हा थोडा चढ. या शेवटच्या थोड्या चढावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढाच काय तो वाद.

एवढाच म्हणालो खरा, पण त्यात काय काय निघे! फोनवाल्या मुलाकडे आकडे होते. सेंटर फिल्डमध्ये, म्हणजे आउटफिल्डच्या मधोमध, मकचनच्या बचावाचे आकडे २०१६ साली पार तळाला गेले होते, ते तो दाखवायचा. आमचं मैदान तर आउटफिल्डरची परीक्षाच घेणारं. उजवीकडची विटांची भिंत २४ फूट उंच (जायंट्सचा थोर खेळाडू विली मेज याच्या जर्सीचा आकडा), तिच्यावरून चेंडू कुठे उडेल याचा नेम नाही. भिंत आणि सेंटर फिल्ड यांच्या मधला कोपरा तेव्हा ४२१ फूट खोल होता, आणि त्यात खाडीवरून येणारा वारा. पोस्टमनचं म्हणणं, त्याला सेंटरला उभा करतंय कोण? राइट फिल्डला ठेवा, तिथल्या हंटर पेन्सला डावीकडे सरकवा. मुलगा म्हणे, पेन्स चौतिशीचा, हा एकतिशीचा, आउटफिल्ड आहे की वृद्धाश्रम? शिवाय पगार. संघाचा एकूण पगार १९७ दशलक्ष डॉलरच्या रेषेखाली राहिला नाही तर लक्झरी टॅक्स, आणि जायंट्सने ती रेषा तीन वर्षं लागोपाठ ओलांडलेली, म्हणजे वरच्या रकमेवर निम्मा दंड. मकचनला त्या वर्षी साडेचौदा दशलक्ष द्यायचे होते. केस कापायला आलेली माणसं दुसऱ्याच्या तिजोरीतल्या दशलक्षांचा हिशेब इतक्या पोटतिडकीने करतात, याची मला अजूनही गंमत वाटते. स्वतःचा टॅक्स भरताना त्यांच्यापैकी कुणी इतकं डोकं लावत असेल असं नाही.

आणि मग निघायची जुनी हाडं. फोनवाला मुलगा म्हणाला, "बेल्ट्रान." बस, एकच शब्द. दुकान गप्प. २०११च्या जुलैत जायंट्सने चौतीस वर्षांचा कार्लोस बेल्ट्रान न्यूयॉर्कच्या मेट्सकडून आणला होता, आणि बदल्यात झॅक व्हीलर नावाचा पोरगेला पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) देऊन टाकला होता, २००९च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने करायची नव्या पोरांची निवड) सहाव्या क्रमांकावर घेतलेला. बेल्ट्रान आला, खेळला तेव्हा उत्तमच खेळला, .३२३ची सरासरी. पण ऑगस्टात हाताच्या दुखण्याने बसून राहिला, संघ ॲरिझोनाच्या मागे पडला, आणि मोसम संपल्यावर तो सेंट लुईसला निघून गेला. पोस्टमनने प्रतिवाद केला, "तुझा तो व्हीलर दोन अख्खे मोसम कोपराच्या ऑपरेशनमुळे बसून होता, ते नाही सांगत. आणि पेन्स? पेन्सला कुणी आणलं?" २०१२च्या जुलैअखेरीस फिलाडेल्फियाकडून आलेला पेन्स. उरलेल्या मोसमात त्याची सरासरी होती .२१९, म्हणजे आकड्यांच्या भाषेत फसलेला सौदा. पण प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, संघ हरायला टेकलेला असताना त्याने ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना असं काही पेटवलं की तो 'रेव्हरंड' झाला, आणि ऑक्टोबरअखेर अजिंक्यपद घरी आलं. असं हे. प्रत्येकाच्या खिशात एकेक दाखला, आणि दोन्ही दाखले खरे.

न्हावी इतका वेळ माझ्या कानामागे वस्तरा फिरवत होता, म्हणून बहुधा गप्प होता. फोनवाल्या मुलाने शेवटचं सांगितलं, "आता कुणालाच आणू नये. उलट आहेत ते विकावेत. पाच वर्षं पोरं तयार करावीत, मग बघा."

न्हाव्याने वस्तरा पुसला. "पाच वर्षांनी तू सत्तावीस वर्षांचा असशील," तो म्हणाला. "मी?"

तोवर मला वाटत होतं की वाद मकचनच्या वयाचा चाललाय. तो वाद घालणाऱ्यांच्या वयाचा होता. ज्याच्यापुढे साठ उन्हाळे आहेत तो पाच उन्हाळे सहज उधार देऊ शकतो. सत्तरीतल्या माणसाला संध्याकाळी रेडिओ लावल्यावर नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत तरी सामना जिवंत असावा, इतकंच हवं असतं. त्याला २०२३ची गाजरं दाखवू नयेत. दोघं एकाच संघाबद्दल बोलत होते, पण दोघांपुढचे प्रश्न वेगळे होते. मी कुठल्या बाजूचा? मधला. म्हणजे दोघांचंही पटणारा आणि कुणाच्याच उपयोगाचा नसणारा.

मी वाढलो डोंबिवलीत. असले वाद आम्हाला काही परके नाहीत. फडके रोडवर सणासुदीलाच नव्हे, एरवीही संध्याकाळी घोळके असत, आणि त्यातल्या निम्म्या घोळक्यांत कुणाला संघातून काढावं याची चर्चा चाले. आम्ही कुणालाही काढत असू. ज्यांच्या पोस्टरला घरात भिंतीवर जागा दिली होती त्यांनासुद्धा. मुंबईच्या रणजी संघातून तर दर आठवड्याला दोघं-तिघं जात. पण आमचं काढणं फुकटचं होतं. काढलेल्याच्या जागी दुसरा येई, त्याचं मोल कुणी मोजत नसे. मुंबईचा फलंदाज कर्नाटकाला देऊन त्यांचा फिरकीवाला घ्यावा, हे कुणाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. अमेरिकेत आल्यावर बेसबॉलमधली मला सर्वांत नवी वाटलेली गोष्ट हीच. नुसतं 'हा हवा' म्हणून भागत नाही. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात कुणाला बसवायचं, तेही नाव घेऊन सांगावं लागतं. आणि चाहते ते बिनदिक्कत सांगतात. अमुक दोन पोरं आणि थोडी रोख. माणसं जाऊद्यात, म्हशीच्या बाजारातही सौदा रुमालाखाली बोटं धरून होतो, चारचौघांत नाही.

जायंट्सच्या चाहत्यांच्या पोटात या बाबतीत एक जुनं दुखणं आहे आणि ते त्या दिवशी न्हाव्याने बाहेर काढलं. ११ मे १९७२ला विली मेज गेला. एक्केचाळीस वर्षांचा मेज, चार्ली विल्यम्स नावाच्या पिचरच्या आणि पन्नास हजार डॉलरच्या बदल्यात न्यूयॉर्क मेट्सला. मालक पैशांच्या ओढगस्तीत होता, आणि निवृत्तीनंतर मेजचं काय, ही सोय मेट्स करू शकत होते, म्हणून. "तीन दिवसांनी तो मेट्सकडून पहिला सामना खेळला," न्हावी म्हणाला, "आणि होमर मारून जिंकला. कुणाविरुद्ध? आमच्याविरुद्ध." मग त्याने पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीजची, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेची गोष्ट सांगितली. १९७३, ओकलंड, दुसरा सामना. न्हावी म्हणे तिथे होता, सर्वांत स्वस्त बाकांवर. नवव्या इनिंगमध्ये साधा उडालेला चेंडू उन्हात हरवला, मेज धडपडला, चेंडू खाली. आजही कुणी खेळाडू वेळेवर निवृत्त झाला नाही की लोक तो प्रसंग काढतात. धडपडणारा मेज ही जणू शिवीच झाली आहे. "पण त्याच सामन्यात बाराव्या इनिंगला आघाडी मिळवून देणारा फटका कुणी मारला? मेजने. मेट्स जिंकले. तो कुणाला आठवत नाही." एवढं बोलून त्याने माझ्या मानेवर इतक्या जोरात ब्रश फिरवला की मी दचकलो.

सौदा झाला तो १५ जानेवारीला. सोमवार होता, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी. माझ्या मुलाने जिन्यावरून ओरडून बातमी दिली. मकचन जायंट्सकडे, बदल्यात काइल क्रिक आणि ब्रायन रेनल्ड्स. पिट्सबर्गमध्ये हाहाकार उडाला. दोनच दिवसांपूर्वी त्यांचा पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला होता. मालकाला संघ विकायला लावा म्हणून चाहत्यांनी अर्ज काढला, हजारोंनी सह्या केल्या. मकचन त्यांचाच, २००५मध्ये ड्राफ्टमध्ये घेतलेला, त्यांच्या डोळ्यांसमोर मोठा झालेला. वीस वर्षं सलग हरणाऱ्या संघाला २०१३मध्ये त्याने प्लेऑफ दाखवला. दोन महिन्यांपूर्वी त्याला पहिला मुलगा झाला होता, आणि पोलादाच्या कारखान्यांचं ते गाव, म्हणून मुलाचं नाव ठेवलं होतं स्टील. बेसबॉलमध्ये दहा वर्षं पूर्ण झालेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघाकडे काढलेल्या खेळाडूला कोणताही सौदा नाकारता येतो. मकचनचं पदार्पण जून २००९चं. दहा भरायला दीडेक वर्ष कमी पडलं. स्टँटनला करारात ते कलम मिळवता आलं होतं, मकचनच्या करारात ते नव्हतं. तेव्हा त्याला काय वाटतं हे विचारायची कुणाला गरज नव्हती. आमच्या न्हाव्याच्या दुकानातही कुणी विचारलं नाही. तसं पाहिलं तर तो एकटाच या वादात नव्हता.

नाही, आणखी एक जण नव्हता.

ब्रायन रेनल्ड्स. त्या शनिवारी तासभर तावातावाने चाललेल्या बोलण्यात हे नाव एकदाही आलं नाही. आलं असतं तर निदान फोनवाल्या मुलाकडून यायला हवं होतं, कारण 'पोरं तयार करा' म्हणणारा तोच. २०१६च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सची पहिल्या फेरीतली पाळी एका मोठ्या कराराच्या बदल्यात गेली होती, म्हणून दुसऱ्या फेरीत घेतलेला हा त्यांचा त्या वर्षीचा पहिला खेळाडू. तोही आउटफिल्डरच. दोन्ही हातांनी बॅटिंग करणारा. आणि २०१७चा मोसम तो खेळला होता कुठे? आमच्याच गावात. जायंट्सचा कनिष्ठ संघ सॅन होजेत खेळतो, १९४२ साली बांधलेल्या छोट्याशा म्युनिसिपल स्टेडियममध्ये. न्हाव्याच्या दुकानापासून गाडीने काही मिनिटं. त्याची सरासरी त्या वर्षी .३१२ होती.

आम्ही त्या उन्हाळ्यात तिथे जात होतो. मोठ्या मैदानाच्या एका तिकिटाच्या पैशात इथे सगळं घर जातं, पोटभर खातं आणि पार्किंगचेही उरतात. ते स्टेडियम मला फार आवडतं. लाकडी बाकं, डावीकडून येणारा शेकोटीवरच्या मांसाचा धूर, बाकावर बसल्या बसल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये चेंडू आदळल्याचा आवाज छातीत जाणवतो इतकं सगळं जवळ. दोन इनिंगच्या मध्ये मैदानात एक जुनी व्हॅन आणून उभी करतात आणि प्रेक्षकांतले काही जण तिच्या दिव्यांवर चेंडू फेकतात. दिवा फुटला तर रोख बक्षीस. माझ्या मुलाला सामन्यातलं काही आठवत नसलं तरी कुठल्या दिवशी दिवा फुटला ते आठवतं. म्हणजे रेनल्ड्सला आम्ही पाहिलं असणारच, एकदा नाही तर कितीदा तरी. तो आमच्यापासून हाकेच्या अंतरावर उभा होता, ग्लव्हवर मूठ आपटत, आणि आम्ही दिवा फुटतोय का ते बघत होतो. मी पुष्कळ आठवून पाहिलं. मला व्हॅनचा रंग आठवतो, त्याचा चेहरा नाही.

म्हाताऱ्या खेळाडूला चेहरा असतो, इतिहास असतो, त्याचे गेलेले पाय असतात. वाद घालायला हातात काहीतरी सापडतं. देऊन टाकायच्या पोराला तेव्हा नुसता एक आकडा असतो, यादीतला क्रमांक. त्याच्याबद्दल कोण कशाला भांडेल?

मग आला एप्रिल. ७ तारीख, शनिवार, आणि समोर लॉस एंजेलिसचे डॉजर्स. बेसबॉलमधलं काही कळत नसलं तरी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्याला डॉजर्स हरले पाहिजेत एवढं कळतं. सामना चौदाव्या इनिंगपर्यंत लांबला. डॉजर्सने ५-४ अशी आघाडी घेतली. बायको म्हणाली, रेडिओ बंद करून जेवून घ्या. मी रेडिओ घेऊन गॅरेजमध्ये गेलो. दोन धावक बेसवर, बॅटला मकचन. तोवर त्याचे पाच हिट (बेसवर पोचवणारे फटके) झालेले. समोर पिचर विल्मर फाँट. आणि मग तो चेंडूमागून चेंडू नुसते बाजूला सारत राहिला. फाउल. फाउल. पुन्हा फाउल. क्रिकेटमध्ये शेवटच्या जोडीतला फलंदाज एकेक चेंडू बॅटला लावून काढतो तेव्हा जशी अख्खी गॅलरी प्रत्येक चेंडूला ओरडते, तशी गर्दी ओरडत होती आणि ते सगळं त्या छोट्या पेटीतून येत होतं. बाराव्या चेंडूला आवाज बदलला. बॅटचा नाही, तो ऐकूच आला नाही. माणसांचा. तीन धावांचा होमर, ७-५, दिवसातला त्याचा सहावा हिट. मुलगा घरातून धावत आला, मला धडकला आणि वॉशिंग मशीनवरची साबणाची पेटी खाली सांडली. बायको दारात येऊन म्हणाली, "कोण मेलं?"

त्या पावडरीतून पावलं उमटवत आम्ही नाचलो. ज्याचे पाय गेले होते त्याच्यासाठी.

बाकी त्या मोसमात सांगण्यासारखं फारसं नाही. मे महिन्यात जायंट्स पिट्सबर्गला गेले तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी उभं राहून त्याला टाळ्या दिल्या, तो हेल्मेट काढून उभा राहिला. गंमत म्हणजे ती तारीखही ११ मे, मेज गेला तीच. न्हाव्याला मी हे सांगितलं तर त्याने क्रॉसची खूण केली. ऑगस्टपर्यंत प्लेऑफची आशा संपली, आणि ३१ ऑगस्टला, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्लेऑफसाठी खेळाडू घेण्याच्या अगदी शेवटच्या दिवशी, मकचन न्यूयॉर्कच्या यांकीजना देऊन टाकला. यांकीजमध्ये दाढी चालत नसे, म्हणून त्याला गुळगुळीत होऊन उभं राहावं लागलं. "चला, या सौद्यात कुण्या न्हाव्याचा तरी फायदा झाला," आमचा न्हावी म्हणाला. जायंट्सने वर्ष संपवलं ७३ विजयांवर. आधीच्या वर्षापेक्षा नऊ जास्त. त्याच वेळी रेनल्ड्स पायरेट्सच्या कनिष्ठ संघात पायऱ्या चढत होता. २०१९च्या एप्रिलात तो वर आला आणि पहिल्याच वर्षी त्याने .३१४ची सरासरी काढली. आता त्याचा चेहरा सगळ्यांना माहीत झाला. मुलगा मला दर आठवड्याला त्याचे आकडे वाचून दाखवी, जखमेवर मीठ चोळावं तसे.

त्याच वर्षी नोव्हेंबरात डोंबिवलीहून भावाचा फोन. संतापलेला. राजस्थान रॉयल्सने अजिंक्य रहाणे दिल्लीला देऊन टाकला होता, बदल्यात मयंक मार्कंडे आणि राहुल तेवतिया. आता आमच्याकडेही सौदे सुरू झाले होते, आणि पहिला चटका बसला तो थेट डोंबिवलीकराच्या निमित्ताने. भाऊ म्हणत होता, इतकी वर्षं राजस्थानसाठी केलं, कप्तानी केली, आणि असं वाऱ्यावर? मी विचारलं, "वय काय त्याचं?" मला माहीत होतं, तरी विचारलं. एकतीस. दिल्लीच्या चाहत्यांचा वाद आमच्या न्हाव्याच्या दुकानातल्यासारखाच असणार हे सांगायला मला इंटरनेट उघडायची गरज नव्हती. वीस षटकांच्या खेळात याचा वेग पुरेल का, अनुभव कामी येईल का, डगआउटमध्ये ज्येष्ठ माणूस लागतोच. तेवतियाबद्दल कोण बोललं असेल? पुढच्या वर्षी २७ सप्टेंबरला शारजात शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात त्याने पाच षटकार मारले तेव्हा भावाने पहाटे मेसेज टाकला, "तुझा रेनल्ड्स." पण दिल्ली त्या मोसमात अंतिम फेरीला पोचली, आणि पहिल्या दोनात जागा पक्की करणाऱ्या सामन्यात रहाणेने ६० केले, हेही त्याने लपवलं नाही. भाऊ प्रामाणिक आहे. तेवतियाचा व्हिडिओ त्याने दहा जणांना पाठवला असेल, रहाणेचा मला एकट्याला.

२०२१मध्ये तर सगळ्यांचीच फजिती झाली. फोनवाल्या मुलाने मागितलेली पाच वर्षं पुरती व्हायच्या आतच जायंट्सने १०७ सामने जिंकले. फ्रँचायझीच्या इतिहासात इतके कधी जिंकले नव्हते. आणि ते जिंकून दिले कुणी? चौतिशीतल्या बस्टर पोझीने आणि ब्रँडन क्रॉफर्डने, तेहतिशीतल्या ब्रँडन बेल्टने. पोरं तयार करा म्हणणारे बरोबर की अनुभवी माणसं ठेवा म्हणणारे, काही ठरेना. न्हाव्याने तोवर दुकान बंद केलं होतं. महासाथीत आधी शटर खाली आलं आणि मग त्याने ते वर केलंच नाही. त्या जागी आता बोबा चहा मिळतो. न्हावी कधीतरी किराणा दुकानात भेटतो. १०७ विजयांच्या त्या वर्षी ऑक्टोबरात डॉजर्सनी आम्हाला बाहेर काढलं, त्याच आठवड्यात भेटला होता. मी म्हटलं, "बघा, पाच वर्षं थांबावंसुद्धा लागलं नाही." तो शेंगदाण्याच्या बरणीवरचा भाव वाचत म्हणाला, "मेल्या डॉजर्सशी हरायला मी कितीही वर्षं थांबू शकतो."

२०२३च्या जानेवारीत मकचन पाच दशलक्षाच्या एका वर्षाच्या करारावर पिट्सबर्गला परतला. आपणहून. त्या एप्रिलात पायरेट्सनी रेनल्ड्सशी आठ वर्षांचा करार केला, १० कोटी ६७ लाख डॉलरहून मोठा, त्यांच्या संघाने तोवर केलेला सर्वांत मोठा. म्हणजे एकमेकांच्या बदल्यात दिलेले-घेतलेले दोघं आता एकाच ड्रेसिंग रूममध्ये. जून महिन्यातल्या एका रविवारी मेट्सविरुद्ध पहिल्याच इनिंगमध्ये मकचनने कारकिर्दीतला दोन हजारावा हिट मारला, छत्तिसाव्या वर्षी. मुलाने वरच्या खोलीतून मला तो व्हिडिओ पाठवला आणि स्वतःच मागोमाग खाली आला. सोळाव्या वर्षी त्यालाही आता मतं फुटली आहेत.

"बाबा, सौदा असा करावा," तो म्हणाला. "आपला माणूस द्यायचा, त्याच्या बदल्यात चांगला पोरगा घ्यायचा, आणि मग दिलेलाही परत आणायचा. दोघंही त्यांचेच!"

"मधल्या काळात ते किती हरले बघ," मी म्हटलं. "२०२१ला १०१. २०२२ला शंभर. तिथे एखादा सत्तरीचा माणूस रोज रेडिओ लावून बसला असेल."

"पण आता त्यांच्याकडे रेनल्ड्स आहे."

"आता आहे."

"आणि आपल्याकडे काय आहे? एक होमर."

"सहा हिट," मी म्हटलं. "होमर धरून सहा."

"हं. एका दिवसाचे," तो म्हणाला आणि फ्रिज उघडून उभा राहिला. मग आतूनच विचारलं, "तुम्ही पुन्हा केला असता का तो सौदा?" मी हो म्हणालो. तो हसला, आकडे काढून दाखवायला लागला, मी फाँटचे बारा चेंडू एकेक करून सांगायला लागलो, आणि बायकोने दोघांनाही फ्रिजचं दार लावायला सांगितलं.